'ऑस्टेन्सिबली' नेमकं कधी? 'वरकरणी', 'म्हणे' आणि 'वाटतं' यांच्या मधला एक शब्द

'तिने फोन केला, वरकरणी मीटिंगबद्दल विचारण्यासाठी.' अनुवादित कथेत असं वाक्य आलं की मला त्याच्या मागचं इंग्रजी लगेच दिसायला लागतं: 'शी कॉल्ड, ऑस्टेन्सिबली टू आस्क अबाउट द मीटिंग.' अर्थ चुकलेला नाही. शब्दकोशात 'ऑस्टेन्सिबली'समोर 'वरकरणी' असंच छापलेलं असतं. पण फोन ठेवल्यावर शेजारी बसलेल्या माणसाला आपण हे कसं सांगू? 'तिचा फोन होता. निमित्त मीटिंगचं.' बस, एवढंच. ऐकणारा लगेच विचारतो, 'मग खरं काम काय होतं?'

ऐकणाऱ्याच्या तोंडी आपोआप येणारा हा प्रश्न जागा करणं, हेच इंग्रजीत 'ऑस्टेन्सिबली'चं काम.

अडचण कोशात आहे. 'ऑस्टेन्सिबली', 'अपॅरंटली', 'सीमिंगली' आणि 'आउटवर्डली' हे चार शब्द शोधून बघा. चारही ठिकाणी 'वरकरणी', 'वरवर पाहता', 'दिसायला' यांचीच अदलाबदल दिसेल. वाचताना त्याने फारसं बिघडत नाही, संदर्भ सांभाळून घेतो. लिहायला बसलं की मात्र चारातला कोणताही उचलला जातो आणि वाक्य भलतंच काहीतरी सुचवून बसतं. म्हणून खाली एकेक प्रश्न विचारत पुढे जाऊ. तुमच्या हातात वाक्य आहे, त्यात 'दिसतं तसं' अशा अर्थाचा शब्द घालायचाय. कोणता घालायचा?

आधी शब्द उकलून बघू

'ऑस्टेन्सिबली'चं मूळ लॅटिनमधल्या 'ओस्टेन्डेरे' या क्रियापदात आहे. अर्थ 'दाखवणं'. तेही दोन तुकड्यांचं बनलंय: 'ओब' म्हणजे समोर आणि 'टेन्डेरे' म्हणजे ताणणं, पसरणं. कापडाचा तागा सर्रकन उलगडून समोरच्यापुढे धरावा, तसं काहीसं. 'टेन्शन', 'एक्स्टेन्ड' आणि चक्क 'टेन्ट' म्हणजे तंबू, हे सगळे याच 'टेन्डेरे'च्या गोतावळ्यातले. 'ऑस्टेन्टेशस' म्हणजे भपकेबाज, हा तर सख्खा भाऊ.

इंग्रजीत 'ऑस्टेन्सिबल' हे विशेषण अठराव्या शतकात रुळलं आणि सुरुवातीला त्याचा अर्थ साधा होता: दाखवता येण्याजोगं. एखादं पत्र चारचौघांत दाखवता येईल असं असलं, तर ते 'ऑस्टेन्सिबल'. आता 'दाखवता येण्याजोगं पत्र' म्हटलं की दुसरं एखादं न दाखवण्यासारखं पत्र खिशात असणार, ही शंका आलीच. तिथूनच आजचा अर्थ आला. दाखवलं जातं ते एक, असू शकतं ते दुसरं.

म्हणजे या शब्दात नुसतं दिसणं नाही, दाखवणं आहे. कापड पसरून धरणारा हात आहे. हा हात लक्षात ठेवला की पुढचा अर्धा गोंधळ मिटतो.

आपल्या 'वरकरणी'तही 'करणी' आहेच की. वरून काहीतरी करणारा कोणीतरी. त्या अर्थाने कोशकारांनी जोडी बरी लावलीय. फक्त मराठीत 'वरकरणी' माणसाच्या वागण्याला जितका शोभतो, तितका कारणाला किंवा हेतूला शोभत नाही. त्याकडे नंतर येऊ.

उच्चार करताना जोर दुसऱ्या तुकड्यावर: ऑ-स्टेन्-सि-ब्ली. स्पेलिंगमध्ये 'एन-एस'नंतर 'आय' येतो, 'ए' नाही. 'रिस्पॉन्सिबल'सारखं, असं डोक्यात ठेवा म्हणजे चुकणार नाही.

पहिला प्रश्न: समोर कोणी काही धरतंय का?

'द स्काय वॉज ऑस्टेन्सिबली क्लिअर.' हे वाक्य कानाला खटकतं. आकाश काही दावा करत नाही, निरभ्र असल्याचं सोंगही आणत नाही. तिथे 'सीमिंगली' किंवा 'अपॅरंटली' हवं. 'द रोड वॉज ऑस्टेन्सिबली एम्प्टी'चंही तसंच. रस्ता कोणाला फसवायला निघालेला नसतो. काही कोश 'बाह्यतः' असा सैल अर्थही देतात आणि छापील इंग्रजीत असे वापर सापडतात. तरी शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. निर्जीव वस्तू असली, तर तिच्यामागे दावा करणारा माणूस, कागद किंवा संस्था आहे का ते पाहावं. 'द रिपोर्ट वॉज ऑस्टेन्सिबली न्यूट्रल' चालतं, कारण अहवाल कोणीतरी लिहिलाय आणि तटस्थपणाचा दावा त्याचा आहे.

या शब्दासाठी जणू बेतून घडलेली एक गोष्ट इतिहासात आहे. 1974 च्या उन्हाळ्यात 'ह्यूज ग्लोमार एक्स्प्लोरर' नावाचं एक प्रचंड जहाज प्रशांत महासागरात मुक्काम ठोकून होतं. जगाला सांगितलं होतं, समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे काढण्याचा हा प्रयोग आहे. हॉवर्ड ह्यूज या अब्जाधीशाचं नाव पुढे होतं. विक्षिप्तपणाबद्दल त्याची ख्याती इतकी की तो समुद्राच्या तळाशी खाणकाम करणार, यात कोणाला नवल वाटलं नाही. प्रत्यक्षात जहाज सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचं. काम होतं 1968 मध्ये बुडालेली के-129 ही सोव्हिएत पाणबुडी गुपचूप वर काढण्याचं. पाणबुडीचा काही भागच हाती लागला आणि 1975 मध्ये वर्तमानपत्रांनी प्रकरण बाहेर काढलं. आता इंग्रजी वाक्य बघा: 'द शिप वॉज बिल्ट, ऑस्टेन्सिबली, फॉर डीप-सी मायनिंग.' इथे 'अपॅरंटली' घातलं तर लिहिणाऱ्यालाच पक्कं माहीत नाही असं होईल. 'सीमिंगली' घातलं तर जहाज बघणाऱ्याला तसं वाटत होतं, एवढंच उरेल. 'ऑस्टेन्सिबली' म्हटल्यावर कळतं की खाणकामाचं कापड मुद्दाम पसरून धरलेलं होतं.

(जाता जाता: 'आम्ही हे मान्यही करत नाही आणि नाकारतही नाही' या सरकारी उत्तराला अमेरिकेत आजही 'ग्लोमार रिस्पॉन्स' म्हणतात. त्याचा उगम याच प्रकरणात आहे.)

पण एवढ्यावरून 'ऑस्टेन्सिबली म्हणजे खोटं' असं गणित मांडू नका. बहुतेकांची चूक नेमकी इथे होते. कॅप्टन जेम्स कुक 1768 मध्ये 'एन्डेव्हर' जहाज घेऊन निघाला, तो शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, बघायला. 3 जून 1769 रोजी ताहितीवरून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ते खरोखर बघितलं, वेळा नोंदवल्या. म्हणजे सांगितलेलं कारण शंभर टक्के खरं. पण त्याच्याजवळ ब्रिटिश नौदलाचा गुप्त आदेशही होता: निरीक्षण झालं की दक्षिणेला जा आणि तिथला अज्ञात खंड शोध. या सफरीबद्दल 'ऑस्टेन्सिबली टू ऑब्झर्व्ह द ट्रान्झिट ऑफ व्हीनस' असं लिहिलं, तर ते चूक नाही. शब्द फक्त एवढंच म्हणतो: पुढे केलेलं कारण हे होतं, सगळं कारण एवढंच होतं असं मी म्हणत नाही.

म्हणूनच मला मराठीत 'बहाण्या'पेक्षा 'निमित्त' जवळचं वाटतं. बहाणा खोटाच असतो. निमित्त खरंही असतं. भाची आजारी असते, तिला भेटायला आपण जातोही, पण जाण्यामागे जमिनीच्या वाटणीचं बोलणं असतं. आजाराचं निमित्त झालं.

दुसरा प्रश्न: तुम्हाला हे कळलं कसं?

समोर कोणी काही धरत नसेल, तर बहुतेक वेळा हवा असलेला शब्द 'अपॅरंटली' असतो. इथे मराठी माणसाच्या हाती एक जमेची बाजू आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नसतो.

ऑफिसातल्या एका साहेबांची केबिन चार दिवस बंद आहे. तीन वाक्यं बघा.

'साहेब बदली होऊन गेले म्हणे.'
'साहेब बदली होऊन गेले वाटतं.'
'साहेब बदली होऊन गेलेले दिसतात.'

तिन्हींमध्ये बातमी एकच. फरक आहे तो ती आपल्यापर्यंत कशी पोचली याचा. 'म्हणे' म्हणजे कोणाकडून तरी ऐकलं. 'वाटतं' म्हणजे बंद केबिन बघून मी अंदाज बांधला. 'दिसतात' म्हणजे टेबल रिकामं आहे, दारावरची पाटी काढलीय, पुरावा डोळ्यांसमोर आहे. हे आपण इतकं सहज बोलतो की त्यात व्याकरण आहे असं कधी मनातही येत नाही. तुर्की भाषेत याच कामासाठी क्रियापदाला 'मिश' हा प्रत्यय लागतो आणि त्या भाषेचे विद्यार्थी त्याच्यापायी घाम गाळतात. आपल्याला ते घरबसल्या येतं.

इंग्रजीत पहिल्या दोन वाक्यांना एकच शब्द पुरतो: 'अपॅरंटली, ही'ज बीन ट्रान्स्फर्ड.' ऐकीव असो की अंदाज, 'अपॅरंटली' दोन्ही पोटात घेतो. तिसऱ्यासाठी 'एव्हिडन्टली' जास्त नेमकं, कारण त्यात पुराव्याचं वजन आहे. तिन्हींत 'ऑस्टेन्सिबली'ला थारा नाही. 'ऑस्टेन्सिबली, ही'ज बीन ट्रान्स्फर्ड' म्हटलंत, तर बदलीची गोष्ट कोणीतरी पसरवलीय आणि साहेबांना खरं म्हणजे हाकललंय, असं ऐकू येईल. ऑफिसात हे वाक्य फार लवकर पसरेल.

म्हणून एक सोपी कसोटी. इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. शेवटी 'म्हणे' किंवा 'वाटतं' आपोआप आलं, तर 'अपॅरंटली' लिहा. 'निमित्त', 'नावाखाली', 'सांगायला' यांतलं काही आलं, तर 'ऑस्टेन्सिबली'.

'म्हणे'ची आणखी एक गंमत आहे. तो वाक्याच्या शेवटी असला की नुसती ऐकीव बातमी सांगतो: 'आजारी आहे म्हणे.' तोच उचलून सुरुवातीला ठेवा: 'म्हणे आजारी आहे!' आता बोलणाऱ्याचा विश्वास नाही, ओठ किंचित वाकडे झालेत. इंग्रजीत या दुसऱ्या 'म्हणे'चं काम 'सपोझेडली' करतो. 'ही'ज सपोझेडली इल.' एकाच शब्दाची जागा बदलून आपण जे साधतो, त्यासाठी इंग्रजीला शब्दच बदलावा लागतो.

'अपॅरंट'चे दोन चेहरे

इथे जरा थांबायला हवं, कारण 'अपॅरंट' हे विशेषण भल्याभल्यांना चकवतं. 'इट बिकेम अपॅरंट दॅट' म्हणजे 'स्पष्ट झालं की'. 'ॲन अपॅरंट कॉन्ट्रडिक्शन' म्हणजे 'वर दिसणारा विरोध', जो मुळात नसेलही. शब्द एकच, अर्थ जवळपास उलटे. पूर्वी 'अपॅरंटली'चाही अर्थ 'उघडपणे, स्पष्टपणे' असाच होता. बोलण्यात तो मागे पडून 'म्हणे' आणि 'वाटतं' पुढे आले. जुना अर्थ 'एअर अपॅरंट'मध्ये टिकून आहे: ज्याचा वारसा नंतर कोणी जन्माला आल्याने हिरावला जात नाही, असा उघड, निश्चित वारस. त्याला 'भासमान वारस' म्हटलं तर राजघराण्यात भांडण लागायचं.

ढोबळ खूण अशी. 'अपॅरंट' क्रियापदानंतर आला, 'बिकेम अपॅरंट', 'वॉज अपॅरंट', तर बहुधा 'स्पष्ट'. नामाच्या आधी आला, 'अपॅरंट सक्सेस', तर बहुधा 'दिसणारं, खात्री नसलेलं'. 'फॉर नो अपॅरंट रीझन'मध्ये मात्र दोन्ही चेहरे एकत्र आहेत: दिसेल असं काही कारण नसताना.

विज्ञानात हाच शब्द शंकेचा लवलेश न ठेवता येतो. खगोलशास्त्रात 'अपॅरंट मॅग्निट्यूड' म्हणजे दृश्य प्रत, पृथ्वीवरून तारा किती तेजस्वी दिसतो त्याचा आकडा. आकडा जितका कमी, तितका तारा तेजस्वी: सूर्याची दृश्य प्रत उणे 26.7 आणि व्याधाची उणे 1.46. दोन्ही तारे सारख्या अंतरावर ठेवून मोजलं तर व्याध सूर्याला कितीतरी मागे टाकतो. म्हणून सूर्याचं तेज 'ऑस्टेन्सिबल' आहे का? नाही. सूर्य काही आव आणत नाही. तो आपल्याजवळ आहे, एवढंच.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका वैद्यकीय मजकुराच्या अनुवादात 'अपॅरंटली हेल्दी व्हॉलंटियर्स' असे शब्द होते. मी बिनधास्त 'वरकरणी निरोगी स्वयंसेवक' लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'म्हणजे आतून आजारी?' त्यांचं बरोबर होतं. मूळ मजकुराला म्हणायचं होतं: तपासणीत ज्यांच्यात आजाराची खूण आढळली नाही, असे लोक. माझ्या 'वरकरणी'ने त्या सगळ्या भल्या माणसांना लबाड ठरवलं. शेवटी 'सकृद्दर्शनी निरोगी' ठेवलं. 'सकृत्' म्हणजे एकदा, 'दर्शन' म्हणजे पाहणं. लॅटिनच्या 'प्रायमा फेशी'चा, म्हणजे पहिल्या दर्शनाचा, हा जवळजवळ जुळा. त्यात शंका आहे पण आरोप नाही. त्या दिवसापासून 'वरकरणी' लिहिताना मी स्वतःला विचारतो: कोणाची करणी?

सगळे नियम कोलमडतात ते कायद्याच्या भाषेत. कंपनी कायद्यात 'अपॅरंट अथॉरिटी' आणि 'ऑस्टेन्सिबल अथॉरिटी' हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत: बाहेरच्यांना दिसणारा अधिकार. इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा 1964 मध्ये गाजलेला निकाल बघा. एका कंपनीत एक गृहस्थ रीतसर नेमणूक नसताना व्यवस्थापकीय संचालकासारखे वागत होते आणि संचालक मंडळाने ते चालू दिलं होतं. त्यांनी वास्तुविशारदांना काम दिलं. न्यायालय म्हणालं, फी कंपनीने द्यायची. कारण त्यांना अधिकार आहे असं चित्र कंपनीनेच बाहेर उभं राहू दिलं होतं. म्हणजे इथेही कापड धरणारा हात आहेच, तो कंपनीचा. तेव्हा करारात किंवा निकालपत्रात हे शब्द दिसले, तर वर सांगितलेल्या छटा लावत बसू नका. ती वेगळी बोली आहे.

सीमिंगली आणि आउटवर्डली

'सीमिंगली'बद्दल फार बोलण्यासारखं नाही. याला विशेषणांची संगत आवडते: 'सीमिंगली एंडलेस', 'सीमिंगली सिंपल', 'सीमिंगली इम्पॉसिबल', 'सीमिंगली अनरिलेटेड'. बघणाऱ्याला वाटतं तसं, दाखवणारा कोणी नाही. मराठीत 'न संपणारा वाटावा असा', 'सोपा भासणारा'. दावा नाही, आरोप नाही, ऐकीवपणाही नाही. खात्री नसेल तेव्हा हा सगळ्यांत निरुपद्रवी.

'आउटवर्डली' माणसाच्या चेहऱ्यासाठी. 'आउटवर्डली काम' (calm) म्हणजे बाहेरून शांत. त्याच्या शेपटीला 'इनवर्डली' असतं, लिहिलेलं किंवा न लिहिलेलं. इथे आपलं 'वरकरणी' किंवा 'वरून' अगदी चपखल बसतं: 'वरकरणी शांत होता, आत कालवाकालव चालली होती.' 'वरपांगी' मात्र इथे वापरू नका. त्यात ढोंगाचा वास आहे आणि दुःख लपवणारा माणूस ढोंगी नसतो. 'वरपांगी प्रेम', 'वरपांगी दिलगिरी' इथे तो शोभतो आणि त्याचं इंग्रजी करताना 'ऑस्टेन्सिबली'सुद्धा मवाळ पडेल, 'इन्सिन्सिअर'च लिहा.

तिसरा प्रश्न: शंका कोणाची, आणि किती मोठी?

'सपोझेडली' लोकांच्या समजुतीबद्दल बोलतो आणि बोलणाऱ्याचा अविश्वास लपत नाही. 'ऑस्टेन्सिबली' थंड आहे. तो आवाज चढवत नाही, फक्त दाखवलेलं कारण बाजूला काढून ठेवतो. 'अलेजेडली' या दोघांचाही नाही. तो आरोपाचा शब्द आहे, बातमीदाराचं चिलखत: 'ही अलेजेडली स्टोल द मनी', म्हणजे चोरीचा आरोप आहे, सिद्ध झालेली नाही. चोरीच्या बातमीत 'ही ऑस्टेन्सिबली स्टोल द मनी' लिहिलंत तर चोर हा चोर असल्याचं सोंग आणत होता, असा विनोदी अर्थ निघेल.

रोजच्या मेलमध्ये सर्वांत जास्त सांभाळायचं ते इथेच. सहकारी रजेवर होता आणि तुम्ही लिहिलंत, 'यू वेअर ऑन लीव्ह, ऑस्टेन्सिबली ड्यू टू फीव्हर.' तुम्हाला म्हणायचं होतं, 'तुम्ही कळवल्याप्रमाणे'. त्याने वाचलं, 'तापाचं निमित्त करून.' ज्याच्याबद्दल लिहिताय त्यालाच हा शब्द पाठवणं म्हणजे तोंडावर खोटं पाडणं. तिथे 'ॲज यू मेन्शन्ड' लिहा आणि सुखी राहा. स्वतःबद्दल मात्र खुशाल वापरा. 'आय स्टेड बॅक, ऑस्टेन्सिबली टू फिनिश सम वर्क' यात स्वतःची गंमत करणारी कबुली आहे: काम उरकायचं म्हणून थांबलो, असं सांगायला. खरं कारण वाचणाऱ्याने ओळखावं.

वाक्यात ठेवायचा कुठे

सगळ्यात सुरक्षित जागा हेतूच्या लगेच आधी: 'ऑस्टेन्सिबली टू', 'ऑस्टेन्सिबली फॉर', 'ऑस्टेन्सिबली बिकॉज'. आधी स्वल्पविराम दिला की सूर बरोबर लागतो. विशेषणाच्या आधीही चालतो: 'ॲन ऑस्टेन्सिबली इंडिपेंडंट कमिटी'. दोघांमध्ये जोडरेघ टाकू नका. 'एल-वाय'ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर ती लागत नाही. वाक्याच्या सुरुवातीला ठेवला तर पूर्ण वाक्यावर सावली पडते, म्हणून तिथे जपून.

विशेषणरूप 'ऑस्टेन्सिबल' नामाच्या आधीच येतं: 'द ऑस्टेन्सिबल रीझन'. 'द रीझन वॉज ऑस्टेन्सिबल' असं कोणी म्हणत नाही.

आणि दोन पळवाटा एका वाक्यात नकोत. 'ऑस्टेन्सिबली सीम्ड टू बी' म्हणजे छत्रीवर रेनकोट. तसंच मागोमाग 'बट इन रिॲलिटी' लिहिण्याची सवय. कधी गरज असते, उदाहरणार्थ जहाजाच्या गोष्टीत, जिथे खरं कारण सांगायचंच आहे. एरवी तो शब्द स्वतःच 'पण' म्हणून गेलेला असतो. 'निमित्त मीटिंगचं' यानंतर आपण तरी कुठे काही बोलतो?

मराठीत आणताना

उलट प्रवासात एक शब्द धरून बसण्यात अर्थ नाही. हेतू असेल तर 'निमित्त', 'निमित्ताने', जरा साहित्यिक हवं तर 'मिषाने'. टीकेचा सूर हवा तर 'च्या नावाखाली': 'सुरक्षेच्या नावाखाली सगळ्यांचे फोन तपासले.' दर्जा किंवा पद असेल तर 'नावाला', 'म्हणायला': 'म्हणायला समिती स्वतंत्र, सह्या मात्र एकाच माणसाच्या.' बोलीत 'सांगायला' फार कामाचा: 'सांगायला अभ्यास, चालू होतं मोबाईल बघणं.' मालमत्तेच्या कागदात 'दर्शनी मालक'. वागणूक किंवा भावना असेल तेव्हा आपलं 'वरकरणी' आहेच.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सतत खुपते. बातम्यांच्या अनुवादात 'ऑस्टेन्सिबली'साठी हल्ली 'कथितरीत्या' येऊ लागलंय. 'कथित' हे 'अलेज्ड'साठी ठेवलेलं आहे, त्याला तिथेच राहू द्या. 'कथितरीत्या मीटिंगसाठी फोन केला' असं वाचलं की फोन करणाऱ्या बाईंवर गुन्हा दाखल झालाय की काय, असं वाटतं.

हात चालवून बघा

पाच वाक्यं देतो. आधी स्वतः ठरवा, मग पुढचं वाचा.

'शेजाऱ्यांनी घर विकलं म्हणे.' हे तर उघड आहे, 'अपॅरंटली'.

'समोर न संपणारी वाटावी अशी रांग होती.' 'सीमिंगली एंडलेस'.

'तो पुस्तक परत करायला आला, निदान सांगताना तरी तसंच सांगितलं.' 'ऑस्टेन्सिबली टू रिटर्न अ बुक'. 'निदान सांगताना तरी' हे शब्द कापड धरणाऱ्या हाताकडे बोट दाखवतात.

'निकाल ऐकून ती वरून हसली.' 'आउटवर्डली' घालायचा मोह होईल. पण 'शी आउटवर्डली स्माइल्ड' कानाला विचित्र लागतं, कारण हसू बाहेरच असतं. इथे क्रियाविशेषण सोडून द्या आणि 'शी पुट ऑन अ स्माइल' म्हणा.

पाचवं: 'कंपनीने खर्च कमी करण्यासाठी तिघांना काढलं.' यात मराठीत शंकेचा एकही शब्द नाही. इंग्रजी करताना 'ऑस्टेन्सिबली टू कट कॉस्ट्स' लिहायचं की नुसतं 'टू कट कॉस्ट्स'? त्या तिघांनी आदल्या महिन्यात काय तक्रार केली होती हे तुम्हाला माहीत असेल, तर पहिलं. माहीत नसेल, तर दुसरं.